काका, तुमच्या हुकाचा अहवाल

काका,

काल तुमचा दहावा झाला. दुधना नदीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा जणू टपूनच बसला होता, लगेच आला. सगळ्यांना हायसं वाटलं. माणसाचं मागं काही राहिलं नव्हतं, असं गुरुजींसकट सगळे म्हणाले. कुठल्याही गोष्टीची चौकशी इतक्या लवकर आटोपलेली बघितली की माझ्यासारखीला शंकाच येते. मी तर एका तुटक्या बोल्टावर पंधरा-पंधरा दिवस घालवते, हे तुम्हांला माहीत आहे.

मी थकले आहे, काका. आठवडाभर तुमच्या उशाशी दवाखान्यात, मग हे दहा दिवस. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचं. कधी गेले, काय झालं होतं, शेवटी बोलले का. काकू भिंतीला टेकून बसतात आणि सगळं मलाच बोलावं लागतं. काल दुपारी शेवटचे पाहुणे उठल्यावर जरा आडवं व्हावं म्हणून उठले, तर दाराशी कौसाबाई बसलेल्या दिसल्या. कधीपासून बसल्या होत्या कोण जाणे.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ विषयालाच हात घातला.

"नंदाताई, तुमचं कामच हाय म्हनं ते. काय मोडलं, कशानं मोडलं ते सांगायचं."

मी हो म्हणाले.

"मंग येवढं सांगा. माह्या मालकाची चूक होती का? तव्हापासून इचारून राह्यले, कुनी धड सांगत न्हाई. तुमचे काका दर दसऱ्याला सोनं द्यायला यायचे. बसायचे, च्या प्यायचे. त्यांना बी इचारलं. ते म्हनायचे, नंदा शिकून राह्यली, ती मोठी झाली की तिलाच इचारू."

हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं त्या बाईला तुम्ही माझ्या नावावर थांबवून ठेवलंत. मी त्यांना म्हटलं, परवा घरी येऊन सांगते. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. काकूंनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "जाऊ दे ना बाई. माणूस गेला. आता कशाला उकरायचं?"

परवा म्हणजे उद्या. मी जाणार आहे की नाही, आणि गेले तर काय सांगणार आहे, हे आधी तुमच्याशी बोलावं म्हणून बसले आहे. समोरासमोर बोलायची हिंमत झाली असती तर ही वेळ आली नसती.

कौसाबाईंचा नवरा, सखाराम, गेला तेव्हा मी दहावीत होते आणि तुमच्याकडेच राहत होते. आमच्या गावातली शाळा सातवीला संपायची, घनसावंगीला रोज जीपला लटकून जायला आई तयार नव्हती, म्हणून मला परतूरला तुमच्याकडे ठेवलं होतं. तुम्ही जिनिंगमध्ये फिटर. सीझन सुरू होऊन महिना झाला होता. कापसाच्या गाड्या रेल्वे गेटापर्यंत लागलेल्या. एक जळालेली विजेची मोटार चेनकुप्पीनं उचलत होते, वर टांगलेल्या त्या साखळीनं तुम्ही सगळंच जड सामान उचलायचात. साखळीचा हूक तुटला आणि मोटार सखारामवर आली. तो जागच्या जागी गेला.

पंचनाम्यात लिहिलं होतं की सांगूनही कामगार वजनाखाली उभा राहिला, सबब दोष त्याचा. खाली तुमची सही होती. तो कागद मी तुमच्या शर्टाच्या खिशात बघितला, धुवायला टाकताना. संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात आणि मी विचारलं, "काका, तुम्ही त्याला खरंच सांगितलं होतं का?"

तुम्ही ताट सरकवलंत आणि उठलात. चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. काकू आमच्या दोघांमध्ये निरोप पोचवत होत्या. तिला म्हणावं चिमणीची काच पूस, त्यांना म्हणावं पुसली. पाचव्या दिवशी तुम्ही कारखान्यातून येताना माझ्यासाठी रावळगावच्या नाही तर कसल्या तरी गोळ्या आणल्यात आणि विषय संपला. म्हणजे संपला असं आपण दोघांनीही धरून चाललो.

चौकशीला बरेच जण येऊन गेले. त्यांतला एक विमा कंपनीकडून आला होता, मुंबईचा, पांढरा शर्ट, हातात भिंग. तो हुकाचा तुकडा घेऊन खिडकीपाशी तासभर बसला. तुम्ही चहा नेऊन दिलात, तो गार करून प्यायला. कुणालाच काही न सांगता निघून गेला, पण जाताना त्याचं कार्ड टेबलावर राहिलं. ते तुम्ही घरी आणलंत आणि माझ्यासमोर धरलंत. इंग्रजीत होतं. मी वाचून दाखवलं, "फोरेन्सिक इंजिनियर."

"म्हंजी काय करतो ह्यो?"

मला माहीत नव्हतं. शाळेत सरांना विचारलं, त्यांनाही नव्हतं. दोन दिवसांनी तेच म्हणाले, मोडलेल्या वस्तूचं कारण शोधणारा इंजिनियर असावा, कोर्टात साक्ष देणारा. तुम्ही ते ऐकून घेतलंत. पण त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की आपण हेच करायचं. का वाटलं, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज सांगते. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नव्हतं, म्हणून मला दुसरीकडून काढायचं होतं.

बारावी मी जालन्याला केली. निकाल लागला, मार्क चांगले पडले, आणि घरात गोंधळ सुरू झाला. बाबांचं ठरलेलं होतं, बी.एस्सी. ॲग्री. नवीन जालन्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या, पोरगी घराजवळ नोकरीला लागेल, त्यांचं काही चुकत नव्हतं. आईनं कुणाकडून तरी ऐकलं होतं की फोरेन्सिक म्हणजे मेलेल्यांची चिरफाड. ती रोज एकदा तरी म्हणायची, "लग्न कोन करील हिच्याशी?" आमच्या खोलीचे मालक बँकेत होते, जगातलं सगळं त्यांना माहीत असायचं. त्यांनी छातीठोक सांगितलं की फोरेन्सिकला केमिस्ट्री लागते, इंजिनियरिंगचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. मी इतकी भांबावले होते की केमिस्ट्रीचा फॉर्म आणूनही ठेवला. भरलासुद्धा अर्धा.

तो तुम्ही बघितलात. परतूरहून खास आला होतात, चष्मा नाकावर घेऊन मला वाचायला लावलात.

"ह्यात लोखंड कुठं हाय?"

"लोखंड नाही, काका. ही केमिस्ट्री आहे."

"मंग ती रक्त-बिक्त तपासती, ती वायली. हुकाला रक्त न्हाई."

बाबा म्हणाले, कुठल्या कॉलेजात हा कोर्स आहे ते तरी सांगा. कुठल्याच नव्हता. आमच्या भागातच काय, त्या नावाची डिग्री कुठं मिळते हे सांगणारा माणूस मला पुढे कित्येक वर्षं भेटला नाही. इंजिनियरिंगच्या फॉर्मात सिव्हिल होतं, मेकॅनिकल होतं, इलेक्ट्रिकल होतं, आणि समोर कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचे रकाने. काय लिहावं, कशाच्या आधारावर लिहावं? तुम्ही बाबांना म्हणालात, "दादा, मला आठ रोज द्या. मी पोरीला घेऊन कॉलेजं बघून येतो." तुम्ही चौथी शिकलेले. बाबा हसले. पण नाही म्हणाले नाहीत, तुमचा राग त्यांना माहीत होता.

त्या आठ दिवसांबद्दल मी लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते गोष्टीसारखं झालं आहे. तरी पुन्हा सांगते.

पहिलं कॉलेज मोठं, नावाजलेलं. दगडी कमान, आत गुलमोहर. प्राचार्यांच्या खोलीत चांदीच्या ढाली. मी भारावून गेले होते. क्लार्कनं माहितीपत्रक दिलं, तुम्ही ते न बघताच मला धरायला दिलंत आणि विचारलंत, "लोखंड ओढून तोडायचं मशीन असंल ना तुमच्याकडं? ते दाखवा." तो बघतच राहिला. पण तुमचं धोतर, डोक्यावरची टोपी आणि हातातली पिशवी बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, शिपाई सोबत दिला.

मशीन चकचकीत होतं. मी म्हटलं, बघा काका, किती छान. तुम्ही वाकून त्याच्या जबड्यात बघितलंत, जिथं तुकडा धरतात तिथं. हळदीकुंकू होतं. बोटानं ओढलेल्या पाच रेघा, जशाच्या तशा. वर झेंडूची पाकळी वाळून चिकटलेली.

"दसऱ्याची पूजा," शिपाई कौतुकानं म्हणाला.

"दिसून राह्यली," तुम्ही म्हणालात. "आता आषाढ चालू हाय. दसऱ्यापासून ह्या जबड्यानं कायबी धरलं न्हाई. धरलं असतं तर पहिल्या तुकड्याला हळद पुसून गेली असती."

बाहेर आल्यावर मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. तुम्ही मात्र गंभीर होतात. म्हणालात, इथं पोरं वहीत मशीनचं चित्र काढून पास होतात. एवढ्या मोठ्या कॉलेजावर काट मारून आपण एस.टी. स्टँडवर भजी खाल्ली.

दुसरं कॉलेज नवीन निघालेलं. तिथं मशीन प्लॅस्टिकच्या खोळीत होतं. तुम्ही खोळ वर केलीत, खाली बघितलंत. पायाचे बोल्टच आवळलेले नव्हते. तिथले सर फार गोड बोलत होते, पुढच्या वर्षी सगळं सुरू होणार होतं. तुम्ही त्यांना नमस्कार केलात आणि बाहेर येऊन म्हणालात, "पुढच्या वर्षी येऊ मंग."

तिसऱ्याला आपण थकून पोचलो. छोट्या लाईनची गाडी उशिरा, मग टांगा, मग पायी. कॉलेज जुनं, भिंतींचे पोपडे निघालेले, मुलींचं वसतिगृहच नाही. मला ते अजिबात आवडलं नव्हतं. पण प्रयोगशाळेत शिरताना तुमची चप्पल तेलावर सटकली आणि तुमचा चेहरा उजळला. तिथं मशीनच्या जबड्याला हळद-कुंकवाचा मागमूस नव्हता, कडेकडेला नुसता पिवळट डाग. खाली खोक्यात मोडक्या तुकड्यांचा ढीग. खिडकीत ओळीनं तुटलेल्या वस्तू मांडलेल्या, सायकलचा क्रँक, पंपाचा दांडा, बैलगाडीचा आख. एक म्हातारे प्राध्यापक हातातलं काम न सोडताच आपल्याशी बोलले.

मी त्यांना सांगितलं मला काय व्हायचं आहे. ते हसले नाहीत. असं ऐकणारे पहिलेच. म्हणाले, "त्या नावाचा कोर्स शोधू नकोस, मिळणार नाही. मेकॅनिकल घे. धातूंचा विषय असतो, तो मुलं टाकून देतात, तू धरून ठेव. मग एम.ई. धातुशास्त्रात कर, त्यासाठी पुण्याला जावं लागेल. आणि मग दहा वर्षं कुणाच्या तरी हाताखाली मोडकं बघत राहा. त्यानंतर स्वतःला काय म्हणायचं ते म्हण."

तुम्ही बोटांवर मोजलंत. चार, दोन, दहा. "सोळा वर्सं," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज मला विचित्र वाटला. मला वाटलं माझ्या लग्नाचा विचार करताय.

मग त्या सरांनी तुम्हांला विचारलं, "तुम्ही फिटर ना? तुमच्याकडे भिंग नाही, मशीन नाही. लोखंडाला बारीक तडा आहे की नाही कसं बघता?"

तुम्ही खुललात. "सोपं हाय साहेब. रॉकेलात बुडवायचं, घंटाभर ठिवायचं. मंग कोरडं पुसायचं, आन् वरून खडू फासायचा. तडा असंल तर आत गेलेलं रॉकेल भायेर येतं, खडूवर काळी रेघ उमटती. डोळ्याला न दिसणारी बी दिसती."

सरांनी काम सोडलं. चार-पाच मुलांना हाक मारून बोलावलं आणि म्हणाले, यांच्याकडून ऐका. तुम्ही पुन्हा सांगायला लागलात. एका मुलानं विचारलं, "काका, हे दरवेळी करता का?"

तुम्ही थांबलात. मी तुमच्याकडेच बघत होते. मग म्हणालात, "कराया पायजे." आणि पाणी मागितलंत.

घरी आल्यावर फॉर्मात पहिल्या रकान्यात मी त्या कॉलेजाचं नाव लिहिलं आणि पुढे मेकॅनिकल. बाबांनी चार दिवस तोंड फिरवलं. वसतिगृहाचा प्रश्न तुम्हीच सोडवलात, गावातल्या एका शिक्षिकेच्या घरी माझी सोय केलीत आणि पहिल्या सहा महिन्यांत दर रविवारी काहीतरी निमित्त काढून येऊन बसून गेलात. वर्गात मुली आम्ही दोघी. कार्यशाळेत कानस चालवताना माझ्या हाताला फोड आले ते तुम्ही बघितलेत आणि कानस कशी धरायची ते ओट्यावर पोळपाट ठेवून दाखवलंत. शिक्षिकाबाई पोळपाटासाठी कुरकुरल्या.

हे सगळं तुम्ही दिलंत. मी आज ज्या कामावर उभी आहे ते तुम्ही दिलंत. जे कॉलेज मी स्वतः कधीच निवडलं नसतं ते निवडायला लावलंत, आणि ते बरोबर होतं. एवढं साधं वाक्यही मी तुमच्यासमोर कधी बोलले नाही. आपल्याकडे आभार मानायची पद्धत नाही, असं म्हणून मी ते टाळलं. आता रिकाम्या खोलीत म्हणते आहे.

पण हे का दिलंत, ते मला फार उशिरा कळलं.

एम.ई. झालं, पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. लागून वर्षही झालं नव्हतं, एका सकाळी तुम्ही दारात उभे. एस.टी.च्या प्रवासानं कपडे चुरगळलेले. पिशवीतून जुन्या धोतराच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी काढलंत. हूक होता, दोन तुकडे. जिनिंगच्या मालकानं तो भंगारात टाकला होता, तो तुम्ही उचलून ग्रीस थापून ठेवला होता. ग्रीस इतकं व्यवस्थित की तुटलेल्या तोंडाला गंज चढला नव्हता. साक्षीपुरावा कसा जपायचा हे तुम्हांला कुणी शिकवलं नव्हतं.

"सोळा वर्सं थांबवंना," तुम्ही म्हणालात. "आत्ता बघ. आन् खरं सांग."

तीन दिवस तुम्ही माझ्या खोलीवर राहिलात आणि मी हूक बघितला. प्रयोगशाळेतल्या साहेबांना विचारून, काम सुटल्यानंतरच्या वेळात. पहिल्याच दिवशी दिसलं होतं, काका. बाकीचे दोन दिवस मी दुसरं काहीतरी सापडावं म्हणून शोधत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही खाटेवर बसला होतात. मी समोर बसले. तुमचे हात गुडघ्यांवर होते. मी म्हणाले, "काका, घडाईतलाच दोष होता. आतून. कारखान्यातून येतानाच तसा आला होता. बाहेरून दिसायचा प्रश्नच नव्हता."

"बराबर?"

"बराबर."

मग म्हणालात, "लिहून देती?"

मी म्हणाले, लिहून काय द्यायचं त्यात, घरचंच तर आहे. मी खोटं बोलू शकले, काका. खोटं लिहून त्याखाली सही करणं मला जमलं नाही. आणि ते तुम्हांला त्याच क्षणी कळलं. पंचनाम्यावर सही करून बसलेला माणूस तो, त्याला कळणारच. तुम्ही तुकडे पुन्हा गुंडाळलेत. "चल, साडेतीनची गाडी हाय," म्हणालात. मी स्टँडवर सोडायला आले. खिडकीतून तुम्ही म्हणालात, जेवत जा येळेवर.

त्यानंतर दहा वर्षं आपण त्यावर एक अक्षर बोललो नाही. माझं लग्न झालं, तुम्ही नाचलात. मला नाव मिळायला लागलं, पूल, टाक्या, कारखाने. दर वेळी कुणाचा तरी फोन, काहीतरी पडलेलं, कुणीतरी गेलेलं, आणि मला विचारतात, कुणाची चूक? मी सांगते. ज्यांची असते ते माझ्याकडे कसे बघतात ते तुम्ही बघितलेलं नाही. मी त्यांना म्हणते, खरं तेच लिहीन. आणि मनात दर वेळी तुमची खाट येते. याचा मला आता फार शीण झाला आहे. कामाचा नाही, याचा.

दवाखान्यात त्या आठवड्यात चार वेळा तुम्ही आणि मी एकटेच होतो. दोन वेळा तुम्ही जागे होतात. मी तुमचे पाय दाबले, मोसंबी सोलली, पावसापाण्याचं बोलले. तुम्ही एकदा म्हणालात, "कौसाबाईकडं ह्या दसऱ्याला कोन जाईल?" मी म्हणाले, तुम्हीच जाल, बरे व्हा आधी. किती सोपं करून टाकलं मी ते. तुम्ही डोळे मिटलेत.

मला तुमचा राग येतो, काका. माझ्या शिक्षणाच्या आडून तुम्ही स्वतःचा न्याय मागत होतात आणि ते मला सांगितलं नाहीत. माझा तर त्याहून येतो. तुम्हांला आयुष्यभर दया दाखवणारे पुष्कळ होते, मालक, काकू, पोलीस, सगळे. खरं सांगणारं एक माणूस हवं म्हणून तुम्ही आठ दिवस वणवण हिंडून, मशीनच्या जबड्यात वाकून बघून, मला घडवलंत. आणि मीही दयाच दाखवली.

तर आता लिहून देते.

हूक वळणाच्या आतल्या बाजूनं तुटला, दोर बसतो त्या जागी. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग करडा आणि ताजा होता, तो त्या दिवशीच तुटला. कडेचा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा भाग जुना होता. तो तडा आधीपासूनच होता. घडाईत काही दोष नव्हता. चेनकुप्पी झेपणार नाही इतक्या वजनाला कित्येक वर्षं वापरली गेली, त्यानं तडा गेला. ती बदलायची जबाबदारी जिनिंगच्या मालकाची होती.

त्या जुन्या भागात, तड्याच्या आत, लाल ऑईलपेंट होता.

खंडेनवमीला तुम्ही दरवर्षी सगळी हत्यारं धुऊन, रंगवून, पूजेला मांडायचात. साखळी, हूक, पाने, सगळ्याला स्वतःच्या हातानं लाल रंग. दुसऱ्या कुणाला ब्रश धरू द्यायचा नाहीत. रंग तड्याच्या आत गेला, म्हणजे खंडेनवमीला तडा वरून उघडा होता. ब्रश त्याच्यावरून गेला. त्या वर्षी सीझन डोक्यावर आला होता आणि तुम्ही रंगवण्याआधी रॉकेल आणि खडू लावला नाहीत. लावला असतात तर रेघ उमटली असती. मग रंगाखाली तडा झाकला गेला आणि पुढच्या महिन्यात तो कुणालाच दिसण्यासारखा राहिला नाही.

तुम्ही सखारामला खाली उभं राहू नको म्हणाला होतात की नाही, हे हुकावरून सांगता येत नाही. ते फक्त तुम्हांला माहीत होतं. पण मोटारीला हात देऊन वळवायला तिथं कुणीतरी उभं राहावंच लागायचं. तुम्हीही राहायचात.

सखारामचा दोष नव्हता.

बस, एवढंच आहे. दोन मिनिटांत वाचून होतं. हे मी त्या दुपारी तुम्हांला वाचून दाखवलं असतं तर तुम्ही रडला असतात, कदाचित माझ्याशी चार दिवस बोलला नसतात, आणि मग तुम्ही स्वतःच्या पायांनी त्या घरी जाऊन सांगितलं असतं. मला खात्री आहे. ती संधी मी घालवली, तुमची.

काकू आत्ता येऊन गेल्या. काय लिहितेस म्हणाल्या. मी सांगितलं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांना झोप येत नसायची. मला वाटायचं, पित्ताचं हाय." मग उठून आत गेल्या. जाऊ नको असं या वेळी त्या म्हणाल्या नाहीत.

उद्या सकाळी मी रेल्वे गेटापलीकडे, कौसाबाईंच्या घरी जाणार आहे. त्यांना सांगेन की तुमच्या मालकाची चूक नव्हती. त्या विचारतील, मंग कुनाची? जिनिंगच्या मालकाची थोडी सांगेन. आणि मग तुमचं नाव घेईन, काका. त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्याकडे बघून घेईन. त्यांना जे बोलायचं असेल ते तुमच्या वाटचं मी ऐकून घेईन, आणि त्या जा म्हणेपर्यंत उठणार नाही.

तुमची,
नंदा